हाऊस रूल लावायचाय? आधी पुस्तकातला रूल काय करतो ते बघा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर बसून गोष्ट रचत खेळायचा रोलप्लेइंग गेम) खेळताना नॅचरल २०, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर खुद्द २०, पडला की टेबलवरचे सगळे ओरडतात. मग डीएम (गेम चालवणारा) म्हणतो, "नाही रे, डीसी २५ होता, तुझे झाले २३, कुलूप नाही उघडत." (डीसी म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, आणि २३ म्हणजे २० अधिक कॅरेक्टरचा बोनस.) झालं. कुलूप राहतं बाजूला आणि रूलबुक, फोन, कोणीतरी कधीतरी बघितलेला व्हिडिओ असं सगळं बाहेर निघतं. आता खरं सांगायचं तर इथे डीएम बरोबर आहे, डी अँड डीच्या फिफ्थ एडिशनमध्ये (२०१४ ची पुस्तकं, २०२४ मध्ये सुधारलेली) २० पडला की आपोआप यश हे फक्त अटॅक रोलला, म्हणजे वार लागतो का ते ठरवणाऱ्या रोलला, आहे (डेथ सेव्हला, म्हणजे मरणाच्या दारात जगण्यासाठीच्या रोलला, २० पडला तर १ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा एक अंक, घेऊन उठता, ते वेगळं), एबिलिटी चेकला, म्हणजे कुलूप उघडण्यासारख्या कौशल्याच्या रोलला, असं काही नाही. पण इतक्या टेबलांवर उलटं खेळतात की नवीन माणसाला तोच ऑफिशियल रूल वाटतो, त्याला दोष तरी काय देणार.

म्हणजे वाद त्या २० चा नव्हताच. आपल्या टेबलवर कुठला रूल चालतो हे कोणी आधी बोललंच नव्हतं. हे सगळं मी गेम चालवणाऱ्यासाठी लिहितोय, डीएम म्हणा जीएम म्हणा, उदाहरणं बहुतेक डी अँड डीची आहेत कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते, बाकीच्या गेम्सचं शेवटाकडे येईल.

आधी हे ओळखा की तुमच्या हातात नक्की काय आहे

ज्याला आपण सरसकट "रूल" म्हणतो त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, पुस्तकातला सरळ रूल. दोन, पुस्तकातच असलेला पण "हवा असेल तर घ्या" असा ऑप्शनल रूल, आणि इथे भलेभले चुकतात, कारण २०१४ च्या पुस्तकात फीट्स (कॅरेक्टरच्या खास करामती) आणि मल्टिक्लासिंग (एकाच कॅरेक्टरने फायटर, विझर्ड असे दोन क्लास, म्हणजे पेशे, घेणं) दोन्ही ऑप्शनल होते, डीएमने हो म्हटलं तरच. फ्लँकिंगही (शत्रूला दोन बाजूंनी घेरणं) तसंच, डीएमच्या पुस्तकात एका कोपऱ्यात. तीन, तुमचा स्वतःचा हाऊस रूल, विचार करून केलेला बदल. आणि चार, सगळ्यात डेंजर, चुकून वाचलेला रूल जो कोणीतरी एकदा आत्मविश्वासाने सांगितला आणि मग वर्षानुवर्षं तसाच चालू राहिला.

चौथ्याचं उत्तम उदाहरण म्हणजे "एका टर्नमध्ये दोन लेव्हल्ड स्पेल टाकता येत नाहीत." (लेव्हल्ड म्हणजे ज्याला स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांचा मोजका साठा, खर्च होतो.) २०१४ च्या पुस्तकात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे रूल होता की तुम्ही बोनस अॅक्शनने (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) स्पेल टाकला तर त्या टर्नमध्ये बाकी फक्त एका अॅक्शनचा कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा मंत्र) टाकता येईल. म्हणजे दोन लेव्हल फायटर घेतलेला विझर्ड अॅक्शन सर्ज (फायटरला मिळणारी जादा अॅक्शन) वापरून एकाच टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकू शकत होता, अगदी कायदेशीरपणे, आणि टाकला की समोरचे म्हणायचे चीटिंग आहे. गंमत म्हणजे २०२४ च्या पुस्तकात हा रूल बदलला आणि आता एका टर्नमध्ये एकच स्पेल स्लॉट खर्च करता येतो, म्हणजे लोक जे चुकीचं वाचत होते त्याच्या बरंच जवळ ऑफिशियल रूलच सरकला.

पोशनचंही (जखमा भरणारं औषध) तसंच. २०१४ मध्ये पोशन प्यायला आख्खी अॅक्शन जायची, त्यामुळे लढाईत कोणी पीतच नसे, मग असंख्य टेबलांनी ठरवलं की स्वतः प्यायला बोनस अॅक्शन पुरे. २०२४ मध्ये तेच पुस्तकात आलं. उलटंही होतं बरं का. एबिलिटी चेकला २० म्हणजे यश, हे २०२२ च्या प्लेटेस्टमध्ये (छापण्याआधीच्या चाचणी रूल्समध्ये) खरंच घालून बघितलं होतं आणि अंतिम पुस्तकात ते आलं नाही.

त्यामुळे पहिलं काम हे की तुमच्या टेबलवर जे चालतं त्यातलं कुठलं कुठल्या खान्यात पडतं ते तपासा. पुस्तक महाग वाटत असेल तर मूळ रूल्सचा मोठा भाग एसआरडी नावाने फुकट मिळतो, २०२३ च्या जानेवारीपासून तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, आणि २०२४ च्या रूल्सवर आधारलेला नवा एसआरडीही २०२५ मध्ये तसाच आला. सगळ्यांना तीच एक फाईल पाठवून ठेवा, नाहीतर एक जण २०१४ चं वाचून भांडतो आणि दुसरा २०२४ चं, आणि दोघेही बरोबर असतात.

बदलायचं पाप वगैरे काही नाही

काही लोकांना वाटतं पुस्तकाला हात लावला म्हणजे गेम बिघडवला. या छंदाचा इतिहास बघितला तर हे हास्यास्पद आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला डी अँड डी आला तेव्हा त्या छोट्या पुस्तिकांत इतक्या जागा मोकळ्या होत्या की भर घातल्याशिवाय खेळताच येत नसे. स्टीव्ह पेरिन यांनी १९७६ मध्ये लढाईसाठीचे आपले बदल लिहून वाटले, ते पेरिन कन्व्हेन्शन्स म्हणून ओळखले गेले, आणि दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यांच्याच हातून रूनक्वेस्ट हा आख्खा वेगळा गेम उभा राहिला. हाऊस रूलमधून गेम जन्माला येतो तो असा. दुसऱ्या बाजूला गायगॅक्स यांनी १९७७ ते १९७९ मध्ये अॅडव्हान्स्ड डी अँड डीची तीन जाडजूड पुस्तकं काढली, त्यामागचं एक कारण हेच होतं की वेगवेगळ्या टेबलांवरचे लोक एकत्र आले, टूर्नामेंट झाली, तर सगळे एकच गेम खेळत असावेत. ही ओढाताण तेव्हापासूनची आहे आणि दोन्ही बाजूंना कारणं होती.

गणित करा, प्लीज

हाऊस रूल "मजा येईल" म्हणून सुचतो आणि तो चुकतो तो गणितात. दोन उदाहरणं जरा नीट बघू.

पहिलं क्रिट. पुस्तकाप्रमाणे क्रिटिकल हिटला (अटॅकला २० पडून बसलेला फटका) डॅमेजचे डाइस दुप्पट टाकायचे. लाँगस्वर्ड १डी८ (आठ बाजूंचा एक डाइस) आणि स्ट्रेंग्थचे ३, म्हणजे साधा हिट सरासरी साडेसात आणि क्रिट २डी८+३, सरासरी १२. पण दोन्ही डाइसवर १ पडला तर क्रिटचं डॅमेज फक्त ५, साध्या हिटपेक्षाही कमी, आणि ते जिव्हारी लागतं, म्हणून प्रसिद्ध हाऊस रूल असा की एक डाइस पूर्ण धरायचा आणि दुसरा टाकायचा. आता ८+१डी८+३, सरासरी साडेपंधरा, कमीत कमी १२. सगळे खूश.

आता हेच गॉब्लिनच्या हातात द्या. कारण नियम सगळ्यांना सारखा म्हटलं की मॉन्स्टरही आले. २०१४ च्या गॉब्लिनचं डॅमेज १डी६+२. समोर फर्स्ट लेव्हल विझर्ड, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा टिकाव) साधारण, हिट पॉइंट ६. रूल असा आहे की शून्यावर गेल्यावर उरलेलं डॅमेज तुमच्या पूर्ण हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह वगैरे नाही, जागच्या जागी मेलात. म्हणजे या विझर्डला एका फटक्यात १२ लागले की संपला. पुस्तकातल्या क्रिटने (२डी६+२) १२ किंवा जास्त येण्याची शक्यता सहात एक. हाऊस रूलने (६+१डी६+२) दोनात एक! एक गॉब्लिन, एक क्रिट, आणि पहिल्याच सेशनला नवीन प्लेअरचं कॅरेक्टर मरायची शक्यता नाणं उडवण्याइतकी. हे हवं असेल तर खुशाल ठेवा, काही टेबलांना असलाच थरार आवडतो, पण माहीत असून ठेवा. किंवा सरळ लिहा की मोठा क्रिट फक्त प्लेअर्सना, मॉन्स्टरना पुस्तकातला. कोणी म्हणेल हे अनफेअर आहे, म्हणू दे, मॉन्स्टर तक्रार करत नाहीत.

दुसरं फंबल, म्हणजे अटॅकला १ पडला की तलवार निसटली, धनुष्याची दोरी तुटली, शेजारच्या मित्राच्या पायात बाण गेला. माझा या रूलवर राग आहे आणि तो लपवत नाही. फायटर पाचव्या लेव्हलला अटॅक अॅक्शनमध्ये दोन अटॅक करतो, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. टर्नमध्ये निदान एकदा १ पडण्याची शक्यता एका अटॅकला ५ टक्के, दोनला पावणेदहा, तीनला जवळपास १४, चारला साडेअठरा. म्हणजे जगातला सर्वात कसलेला योद्धा नवशिक्यापेक्षा चौपट वेळा स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतो. आणि फायरबॉल टाकणारा विझर्ड? तो काही रोलच करत नाही, सेव्ह (वाचण्याचा रोल) समोरचे करतात, त्याला फंबल शून्य टक्के. आधीच ज्या क्लासचं पारडं जड आहे त्यालाच सूट आणि बिचाऱ्या फायटरला दंड. फंबल हवेच असतील तर निदान टर्नमधल्या फक्त पहिल्या अटॅकला लावा, आणि परिणाम गोष्टीपुरता ठेवा, डॅमेज नको.

फ्लँकिंगचं थोडक्यात: दोघांनी शत्रूला मध्ये घेतलं की अॅडव्हांटेज (दोन डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा), असा तो ऑप्शनल रूल. ज्याला हिट करायला ११ लागतो त्याची शक्यता ५० वरून थेट ७५ टक्के. इतकं स्वस्त अॅडव्हांटेज मिळालं की बार्बेरियनच्या रेकलेस अटॅकला (स्वतःचा बचाव सोडून अॅडव्हांटेज मिळवायची त्याची करामत) अर्थच उरत नाही, कारण अॅडव्हांटेजवर अॅडव्हांटेज चढत नाही. म्हणून पुष्कळ टेबलं त्याऐवजी +२ देतात. मला तेच बरं वाटतं.

ज्या रूलचा त्रास होतो तो रूल दोषी असेलच असं नाही

"विझर्ड फार पॉवरफुल आहे, त्याचे स्पेल स्लॉट कमी करू" हे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच. करू नका, आधी मोजा की तुमच्या गेममध्ये दोन लाँग रेस्टच्या (स्लॉट परत भरणाऱ्या रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये किती लढाया होतात. २०१४ चं डीएम गाइड एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी धरून चालतं, आणि बहुतेक टेबलांवर होते एक, फार तर दोन. मग विझर्ड त्या एका लढाईत सगळे स्लॉट उडवतो, झोपतो, सकाळी परत भरलेला, आणि शॉर्ट रेस्टवर (मधल्या छोट्या विश्रांतीवर) जगणारा वॉरलॉक, म्हणजे दुसरा जादूवाला क्लास, बसतो बघत. इथे बदल रेस्टमध्ये करायला हवा. पुस्तकातच ग्रिटी रिअॅलिझम नावाचा पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट ७ दिवसांची, त्याने आठवडाभराच्या कथेत तेवढ्याच चकमकी आरामात बसतात. राजकारण, प्रवास, शहरातली कारस्थानं अशा कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या कथेला) हे मस्त चालतं. एका रात्रीत आख्खं डंजन साफ करायचं असेल तर अजिबात नाही.

लिहायचा कसा

तोंडी हाऊस रूल म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. एका पानावर लिहा, ग्रुपवर पिन करा. रूल कधी लागू होतो, नक्की काय होतं, कोणाला लागू नाही, इतकं तरी त्यात पाहिजे. समजा तुम्हाला तो यो-यो प्रकार थांबवायचाय, म्हणजे कॅरेक्टर पडतं, क्लेरिक (जखमा भरणारा क्लास) १ हिट पॉइंट देतो, उठतं, परत पडतं, परत उठतं. बरेच जण काय लिहितात, "बेशुद्ध होऊन उठलं की जरा थकवा येईल." जरा म्हणजे किती? कधी जाणार? प्रत्येक वेळी? त्याऐवजी असं:

"शून्य हिट पॉइंटवरून लढाईच्या मध्येच उठवलं तर एक्झॉशनची (थकव्याची) १ लेव्हल. एका लढाईत जास्तीत जास्त एकदाच. लढाई संपल्यावर उठवलं तर काही नाही. लाँग रेस्टने नेहमीप्रमाणे १ लेव्हल कमी. मॉन्स्टर आणि एनपीसींना (डीएम चालवतो ती पात्रं) लागू नाही. आम्ही २०२४ चे रूल्स खेळतो."

शेवटचं वाक्य उगाच नाही. २०१४ मध्ये एक्झॉशनची पहिली लेव्हल म्हणजे एबिलिटी चेकला डिसअॅडव्हांटेज (दोन डाइस टाकून लहान आकडा घ्यायचा), अटॅक आणि सेव्हवर परिणाम व्हायला तिसरी लेव्हल लागायची. २०२४ मध्ये दर लेव्हलला सगळ्या डी२० टेस्टवर (अटॅक, चेक, सेव्ह) वजा २ आणि स्पीड ५ फूट कमी. तोच हाऊस रूल एका एडिशनमध्ये लढाईपुरता जवळपास फुकट आणि दुसऱ्यात पहिल्या क्षणापासून टोचणारा.

ऑनलाइन खेळत असाल तर अजून एक, रोल२० किंवा फाउंड्रीसारख्या ठिकाणी तुमची कॅरेक्टर शीट पुस्तकातला रूल आपोआप लावते, क्रिटचं डॅमेज तीच काढून दाखवते. तुमचा क्रिट वेगळा असेल तर सेटिंग आहे का ते सेशनच्या आधी बघा, नाहीतर दर क्रिटला आकडा खोडून परत हातानं मोजायचा आणि दोन सेशनमध्ये कंटाळून तो रूल आपोआप मरतो. खरं तर ही चांगली चाचणीही आहे, जो रूल लक्षात ठेवायला कष्ट पडतात तो नकोच.

सांगायचा कधी, काढायचा कधी

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत. कॅरेक्टर बनवायच्या आधी. कारण फ्लँकिंग अॅडव्हांटेज देतं हे माहीत असतं तर कोणी बार्बेरियनऐवजी दुसरं काही घेतलं असतं. कॅम्पेनच्या मध्ये बदल करायची वेळ आली तर ज्याच्या कॅरेक्टरला फटका बसतोय त्याच्याशी आधी वेगळं बोला, सगळ्यांसमोर जाहीर करू नका, आणि त्याला फीट किंवा सबक्लास बदलून घ्यायची मुभा द्या. आणि बदल कधीच चालू लढाईत करायचा नाही, तो त्या माणसाला पर्सनल वाटणारच, तुम्ही कितीही समजावलं तरी.

नवीन रूल दोन-तीन सेशनच्या ट्रायलवर ठेवा आणि तारीख न विसरता विचारा की ठेवायचा का. गप्प बसलेल्याला मुद्दाम विचारा. यादी पाच-सहा ओळींच्या वर गेली तर थांबा, बहुधा तुम्हाला हा गेम नाही तर दुसराच गेम खेळायचाय, आणि दुसरे गेम आहेत.

आणि प्रत्येक निर्णय म्हणजे हाऊस रूल नव्हे. कोणी म्हणालं "मी झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो आणि उतरताना त्या कॅप्टनला लाथ घालतो," तर पुस्तक शोधत बसू नका. अॅक्रोबॅटिक्स, डीसी १५, जमलं तर लाथेला अॅडव्हांटेज, चुकलं तर धपकन खाली. मिनिटभरात ठरवा आणि म्हणा, "आज असं करू, पुढच्या वेळेआधी वाचून सांगतो." हे रूलिंग झालं. तीच गोष्ट परत परत यायला लागली तर मग लिहून हाऊस रूल करा.

तुमच्यात एखादा रूल्स लॉयर असेलच, ज्याला पान नंबरसकट सगळं पाठ असतं. त्याला शत्रू करण्यापेक्षा कामाला लावा, "तू शोध, तोवर आम्ही पुढे जातो" म्हणा, तो खूश आणि खेळही चालू. फक्त शेवटचा शब्द तुमचा हे सेशन झिरोलाच स्पष्ट असू दे.

डीएमने आपल्यापुढच्या स्क्रीनमागे (आडोशामागे) गुपचूप रोल बदलणं हे मात्र मी यात धरत नाही. त्यावर लोकांची मतं टोकाची आहेत, माझं मत एवढंच की सांगता येत नसेल तो रूल नाही.

दुसरे गेम, दुसरी टेबलं

डी अँड डीची सवय उचलून सगळीकडे नेऊ नका. पाथफाइंडरच्या सेकंड एडिशनमध्ये (२०१९) यशाचे चार दर्जे आहेत, डीसीपेक्षा १० जास्त आलं की क्रिटिकल यश, १० कमी आलं की क्रिटिकल अपयश, आणि नॅचरल २० ने दर्जा एक पायरी वर जातो. म्हणजे सुरुवातीच्या भांडणाचं उत्तर तिथे पुस्तकातच आहे. पण म्हणूनच तिथे सहज म्हणून कोणाला +२ देऊन टाकलं तर हिट तर वाढतोच, क्रिटही वाढतात. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या गेमच्या सातव्या एडिशनमध्ये फसलेला स्किल रोल पुश करता येतो, म्हणजे धोका पत्करून परत टाकता येतो, पण दुसऱ्यांदा फसला तर जीएमने काहीतरी वाईट करायचंच असतं. "अरे परत रोल कर, चालतंय" अशी डी अँड डीवाली उदारता तिथे दाखवली की भीतीच संपली. आणि अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) आणि त्याच्या वंशातले गेम, जिथे १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश आणि ७ ते ९ म्हणजे यश पण किंमत मोजून, तिथे जीएमने कधी काय करायचं हेही रूलमध्येच येतं. त्या भागाला "सल्ला" समजून वगळणं हा नकळत केलेला सगळ्यात मोठा हाऊस रूल असतो, आणि मग लोक म्हणतात हा गेम जमला नाही.

अॅडव्हेंचरर्स लीग किंवा पाथफाइंडर सोसायटीसारख्या ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये तर विषयच नाही, तिथे तुमचं कॅरेक्टर आज या टेबलवर तर उद्या त्या टेबलवर जातं, त्यामुळे हाऊस रूल घरी ठेवून जायचं.

प्लेअर म्हणून नव्या टेबलवर जाताय? मग एवढं विचारा: कुठली एडिशन, फीट आणि मल्टिक्लास चालतात का, क्रिट कसा मोजता, फंबल आहे का, पोशनला काय लागतं, शून्यावर गेल्यावर काही वेगळं आहे का. डीएमने पान पुढे केलं तर उत्तम. "बघू रे, येईल तेव्हा" असं उत्तर आलं तर कॅरेक्टर असं बनवा की जे एखाद्याच रूलच्या जिवावर उभं नसेल.